पांढरीच्या बांधावर सापडलेली गारगोटी आणि इनामगावचा विळा

घोडकाठ

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीला गावी होतो. आमचं एक वावर नदीला लागून आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा. गावात त्याला 'पांढर' म्हणतात. आजोबांच्या काळी तिथली राखाडी माती गाड्या भरभरून नेऊन शेतात टाकायचे, खतासारखी. यंदा कडेला बांध घालायला जेसीबी लावला होता. संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर उकरलेल्या ढिगात काहीतरी चमकलं. करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब, दुधट रंगाची कपची. एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला लांबीत दोन सरळ कंगोरे, आणि कडा इतकी पातळ की उजेडात धरली तर मागच्या बोटाची सावली दिसते. शेजारी तांबड्या खापराचे दोन तुकडे होते, एकावर काळ्या रंगाच्या रेघा.

वडील म्हणाले, "गारगोटी हाय, टाक. अशा पोत्यानं निघतील." मी खिशात टाकली. रात्री खिशातली चिल्लर काढताना तिने अंगठा कापला. रक्त बघितल्यावर मात्र वडिलांनी ती हातात घेऊन नीट पाहिली.

प्रश्न दोन. हे हत्यार आहे का? आणि असेल तर कशाचं? इनामगाव, घोडकाठी उत्खनन झालेलं ताम्रपाषाण काळातलं गाव, आमच्यापासून फार लांब नाही. तिथले लोक शेती करायचे आणि त्यांच्याकडे तांबं होतं एवढं वाचलंय. तांबं असताना माणूस दगडाने कशाला कापत बसेल?

खापरखुणा

वा! पहिलाच धागा आणि थेट रक्तदान!

फोटोत कपचीशेजारी काडेपेटी ठेवलीत हे उत्तम केलंत, नाहीतर लोक शेजारी स्वतःचा अंगठा दाखवतात. दोन समांतर कंगोरे, मागची बाजू सपाट, टोकाशी छोटासा फुगवटा. हे पातं आहे, नैसर्गिक कपची नाही. दगड कॅल्सेडनी, म्हणजे तुमच्या वडिलांची गारगोटीच. तेही बरोबर आहेत.

हे पातं असं सरळ कसं निघतं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. नदीतला गोटा घ्यायचा. त्याच्या एका अंगाला, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असे छोटे छोटे टवके काढत एक नागमोडी कणा तयार करायचा. मग वरून अगदी कडेवर नेमका दाब किंवा ठोका द्यायचा. तो कणा अख्खा उभा सोलून निघतो. तो निघाला की त्याच्या जागी मागे गोट्यावर दोन सरळ कंगोरे उरतात. पुढचं पातं त्या कंगोऱ्यांच्या वाटेने सुटतं, त्याच्या पुढचं त्याच्या वाटेने. कणीस सोलल्यासारखं. एकदा लय लागली की एका गोट्यातून एकसारखी पाती निघत राहतात. तुमच्या पात्यावरचे दोन कंगोरे म्हणजे त्याच्याआधी निघून गेलेल्या पात्यांच्या खुणा आहेत.

इनामगाव, नेवासे, चांडोली, दायमाबाद, नर्मदेकाठचं नावडातोली, सगळीकडे ही पाती ढिगाने मिळतात. लाकडाच्या खाचेत ओळीने बसवली की त्यांचा विळा होतो. तुमची काळ्या रेघांची तांबडी खापरं जोर्वे पद्धतीची वाटतात. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, त्यावरून ते नाव पडलं. पण फोटोवरून शपथ घेणार नाही.

एक विनंती. आता तिथे अजून उकरू नका आणि जेसीबीवाल्यालाही थांबवा. कपची कुठे मिळाली ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मातीतून सुटलेलं पातं म्हणजे पान फाटून आलेला शब्द.

कातळमास्तर

निवृत्त भूगोल शिक्षक आहे, त्यामुळे दगडावर बोलायचा माझा हक्क अबाधित.

दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका झिरपून थरावर थर साचले. त्याच आपल्या गारगोट्या, अकीक, कॅल्सेडनी. पाषाण झिजतो, गोटा झिजत नाही, तो सुटून नदीत येतो. म्हणून घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी यांच्या पात्रात हा माल फुकट पडलेला असतो. युरोपात चांगल्या चकमकीसाठी खाणी खणल्या, सिंधमध्ये रोहडीच्या टेकड्यांवर चर्टचे, म्हणजे चकमकीसारख्याच दगडाचे, मोठे कारखाने होते. आपल्याकडे शेतकरी पाण्याला गेला की येताना दोन गोटे घेऊन आला, काम झालं. तोटा एकच, गोटे लहान, त्यामुळे आपली पातीही लहान. हडप्पावाल्यांच्या लांबलचक पात्यांशेजारी ठेवली तर बिचारी दिसतात.

आता तांब्याचं. काठिण्याच्या मापावर शुद्ध तांबं ३ला आहे, कॅल्सेडनी ६.५ ते ७. तांब्याच्या पात्याची धार वाकते, मऊ पडते, पुन्हा ठोकावी लागते. गारगोटीची ताजी धार वस्तऱ्याच्या तोडीची, आणि बोथट झाली तर फेकून दुसरी. शिवाय तांबं बाहेरून यायचं, बहुधा राजस्थानकडून. इनामगावात ते मणी, बांगड्या, गळ, छिन्नी अशा बारीकसारीक वस्तूंत दिसतं. सोन्याची कात्री घेऊन कोणी गवत कापायला जात नाही.

मोहरीची_फोडणी

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मास्तरांचं सोन्याच्या कात्रीचं वाक्य घरात वापरणार आहे.

बांधाबांधानं

मी शिकलेला कमी, पण शेती रोज करतो, म्हणून एक शंका.

तुम्ही सगळे विळा विळा म्हणताय. इनामगावला पिकं कोणती होती? हुलगा, मसूर, वाटाणा असलं असेल तर त्याला विळा लागतो कुठं? हुलगा, मटकी, हरभरा आम्ही आजपण उपटतो. मूळ सैल, हिसका दिला की आलं. ज्वारीसुद्धा रब्बीची उपटूनच काढायची पद्धत आहे आमच्याकडं, मग बायका बसून कणसं खुडतात. विळा लागतो गव्हाला, आणि सगळ्यात जास्त लागतो गवताला. जनावराचं वैरण, छपराचं शाकार. वर्षाकाठी मी पिकापेक्षा गवतच जास्त कापतो.

खापरखुणा

@बांधाबांधानं, ही शंका नाही, हा मुद्द्याला हात आहे. वर्गात हे कुणी विचारत नाही.

इनामगावचं मुख्य पीक जव, म्हणजे सातू. सोबत थोडा गहू, मसूर, वाटाणा, लाख, हुलगा, वाल. म्हणजे तुमच्या हिशेबाने अर्ध्या पिकांना हत्यार नकोच.

आणि गवताचंही तसंच. गवत कापून कापून पात्याच्या कडेला एक काचेसारखी झिलई चढते. गवतवर्गातल्या झाडांच्या पेशींत सिलिका असते, ती कडेला घासून चकाकी येते. पश्चिम आशियात अशी झिलई असलेली पाती शेती सुरू व्हायच्या आधीच्या काळातही सापडतात, नातुफी लोकांकडे. आधी सगळे खूश झाले की बघा, शेती सापडली. मग लक्षात आलं की रानटी धान्य कापलं, बोरू-लव्हाळं कापलं, छपरासाठी गवत कापलं, तरी झिलई चढतेच. सूक्ष्मदर्शकाखाली यातला फरक ओळखायचा प्रयत्न होतो, पण चकाकी दिसली म्हणजे शेतकरी सापडला असं नाही. इनामगावची घरं कुडाची, वर गवताचं छप्पर. १३०हून जास्त घरं तिथे उघडी झालीत. गवत किती लागलं असेल विचार करा.

म्हणून शेती ठरते ती जळलेल्या दाण्यांवरून, हाडांवरून, खळ्या-कणगीच्या खुणांवरून. पातं हा साक्षीदार आहे, पण थोडा फितूर.

घोडकाठ

म्हणजे माझं पातं शेतकऱ्याचं नसेलही?

खापरखुणा

तुमच्यासोबत जोर्वे खापर आहे म्हणून शक्यता बरी आहे. नुसतं पातं असतं तर काळ सांगायची माझी हिंमत नव्हती. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला साळींनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कोरीव कवचासोबत बारीक दगडी हत्यारं मिळाली, ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. शेतीचा पत्ता नाही. राजस्थानात कोठारी नदीकाठच्या बागोरला सूक्ष्म हत्यारं वापरणारे शिकारी शेळ्या-मेंढ्या पाळू लागलेले दिसतात. आणि इनामगावचा शेवटचा थर इ.स.पूर्व ७००च्या आसपासचा, तिथेही पाती आहेतच. छोटं दगडी पातं ही आपल्याकडची फार लांबची, चिवट परंपरा आहे. शेती आली तेव्हा ती हत्यारं आधीच हाताशी होती. शेतीने त्यांना नवीन काम दिलं, इतकंच.

उत्तरध्रुव

कोपनहेगनहून. इथल्या थंडीत हा धागा म्हणजे शेकोटी आहे!

दगडाने 'खरंच' किती काम होतं यावर इथले लोक पन्नासच्या दशकातच उतरले होते. ड्राव्हेडच्या जंगलात अभ्यासकांनी नवाश्मयुगातल्या घासून गुळगुळीत केलेल्या चकमकीच्या कुऱ्हाडी, अस्सल, संग्रहालयातल्या, दांड्यात बसवून झाडं तोडली. आधी लाकूडतोड्यासारखे खांद्यातून घाव घालायला गेले तर पाती तुटायला लागली. मग कोपरातून छोटे, भराभर घाव घालायला शिकले आणि जमलं. तिघांनी चार तासांत सुमारे ५०० चौरस मीटर भुर्जाचं रान साफ केलं. एका कुऱ्हाडीने तर पुन्हा धार न लावता शंभरावर झाडं पाडली. मग रान जाळून राखेत गहू आणि जव पेरला.

दुसरा प्रयोग तुर्कस्तानातला, जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचा. साठच्या दशकात तो काराजादागच्या उतारावर रानटी गहू गोळा करायला गेला. आधी हाताने ओरबाडला, शहरी हात सोलवटले, मग चकमकीची पाती बसवलेला विळा घेतला. तासाला साधारण किलोभर स्वच्छ धान्य. त्याचा हिशेब असा की एका कुटुंबाने तीन आठवडे नेटाने कापणी केली तर वर्षाच्या गरजेहून जास्त दाणे घरात येतील, न पेरता.

मग पेरायची दगदग माणसाने केलीच का, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

बांधाबांधानं

न पेरता मिळतंय तर पेरायचं कशाला, बरोबर. पण रानटी गहू पिकला की ओंबी फुटून दाणे झडत असणार. तीन आठवडे म्हणता, पण सगळा काही एकदम पिकत नाही, आणि एक वादळ आलं की खेळ खलास. आमच्याकडं मार्चात गारपीट झाली की कळतं.

खापरखुणा

झडण्याचा मुद्दा कळीचा आहे. रानटी गव्हा-जवाची ओंबी पिकली की आपोआप सुटते. क्वचित एखाद्या झाडाची ओंबी न सुटणारी निघते. विळ्याने कापताना सुटणाऱ्या ओंब्या जमिनीवर सांडतात, न सुटणाऱ्या पेंढीत घरी येतात. पुढल्या साली तेच बी पेरलं की हळूहळू शेतात न झडणारी जात वाढते. म्हणजे कोणी ठरवून वाण काढला नाही, कापणीच्या पद्धतीने निवड केली. पूर्वी वाटायचं की हे शे-दोनशे वर्षांत झालं असेल. प्रत्यक्ष उत्खननात मिळालेले दाणे पाहता याला हजार-दोन हजार वर्षं किंवा जास्तही लागली असं दिसतंय. लोक बहुधा हिरवट असतानाच कापायचे, जमिनीवर पडलेलं वेचायचे, त्यामुळे निवडीला धार नव्हती.

वरवंटा

सगळे विळ्यावर अडकलात. दाणा घरात आल्यावरचं कोणी बोलेल का?

या वस्त्यांत दगडी पाटे मिळतात, मधे खोलगट झिजलेले, आणि त्यावरचे वरवंटे. आपल्या काळ्या पाषाणाचे. जातं फार नंतरचं, सातवाहनांच्या आसपासचं. तोवर सगळं पीठ गुडघ्यावर बसून, पुढे-मागे रगडून. सातूचं टरफल चिकट, ते काढायला आधी कांडायचं, मग पाखडायचं, मग रगडायचं. हार्लनच्या तासाला एक किलोमागे घरातल्या बाईचे किती तास होते ते त्याने मोजले का?

आमच्याकडे लहानपणी पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या. गुळगुळीत झालेला पाटा टाकीने पुन्हा खरबरीत करून द्यायच्या, आणि पहिला घाणा मिठाचा वाटून टाकायचा, नाहीतर चटणीत कचकच. पुराणवस्तूंतल्या पाट्यावर टाकीच्या तशाच टिचक्या दिसतात म्हणे, तेव्हा मला त्या बाईचा हातच दिसतो.

कातळमास्तर

वरवंटाताई, दंडवत.

आर्यभटका

एक थेट प्रश्न. शेती बाहेरून आली की आपली आपण शोधली? हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या डीएनएने सगळं सिद्ध झालंय असं व्हॉट्सॅपवर फिरतंय.

खापरखुणा

व्हॉट्सॅपवर काय फिरतंय ते सोडा. २०१९ला आलेला राखीगढीचा निबंध, ज्यात डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे होते, तो एका स्त्रीच्या सांगाड्यावर आधारलेला आहे. निष्कर्ष असा की तिच्या पूर्वजांत पश्चिमेकडच्या आद्य शेतकऱ्यांचा अंश दिसत नाही. युरोपात उलट आहे, तिथे अनातोलियातून शेतकरी माणसंच बियाण्यासकट सरकत गेली. पण माणसं आली नाहीत म्हणजे बी आलं नाही असं होत नाही. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याला मेहरगढला गहू-जव आहेत, आणि गव्हाचं माहेर पश्चिम आशियातच आहे. (तिथले लोक चकमकीच्या टोकाने जिवंत माणसांच्या दाढांना भोकं पाडायचे, नऊ जणांच्या अकरा दाढा सापडल्यात. मेहरगढलाच डांबरात बसवलेल्या दगडी पात्यांचा विळाही मिळालाय.)

आता दक्षिणेकडे बघा. कर्नाटक-तेलंगणात बळ्ळारीजवळ संगनकल्लू, तिकडे उटनूर, बुदिहाळ. हे गुराख्यांचे मुलूख. शेणाचे ढीग जाळून झालेल्या राखेच्या टेकड्या, उटनूरला तर गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा मिळाले. डोलेराइटच्या, म्हणजे कठीण काळ्या दगडाच्या, घासलेल्या कुऱ्हाडी. आणि पिकं? हुलगा, मूग, बारीक भरडधान्यं. हुलगा आणि मूग ही भारतातच माणसाळलेली पिकं. कोणी बोलनमधून आणली नाहीत.

आणि या दोन्ही वाटा जिथे मिळतात ते ठिकाण कुठलं? घोडकाठ यांचं वावर. उत्तरेकडून माळव्यामार्गे जव, गहू, मसूर, वाटाणा, हिवाळी पिकं. दक्षिणेकडचा हुलगा. नेवाशाला डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडीही मिळाल्यात. इनामगावच्या एकाच कणगीत दोन दिशांचं धान्य होतं. पातं मात्र तिथल्याच नदीतल्या गोट्याचं.

तेव्हा 'बाहेरून की आपली' यात मला तरी दोनच कप्पे पुरत नाहीत.

आर्यभटका

ठीक. पुढच्या वेळी कप्पे वाढवून विचारतो.

कातळमास्तर

इनामगावचा शेवटही सांगायला हवा. सुरुवातीच्या काही शतकांत चौकोनी घरं, पाटाचं पाणी अडवायला बांध आणि चर, कणगी, भट्ट्या, बऱ्यापैकी सुबत्ता. इ.स.पूर्व १०००नंतर चित्र बदलतं. घरं लहान आणि गोल होतात, खापरं ओबडधोबड होतात, शेती आक्रसते, शिकार आणि शेळ्या-मेंढ्या वाढतात. तिथे उत्खनन केलेल्या ढवळीकरांचं म्हणणं की पाऊस कमी झाला. इतरांची मतं वेगळी आहेत, पण शिरूर-पारनेर पट्ट्यात राहिलेल्या कोणालाही ते कारण पटायला जड जाणार नाही. इ.स.पूर्व ७००च्या सुमारास गाव उठलं.

त्या गोल झोपड्यांतही पाती आहेतच. तांबं हातातून जाऊ शकतं, नदीतले गोटे कुठे जातात?

घोडकाठ

मंडळी, तीन महिन्यांनी वर येतोय. दोन बातम्या.

पहिली, पातं आणि खापरं जागेसकट कळवून दिली. एक जण येऊन पाहून गेले, पांढरीचे फोटो काढले, जागेची नोंद घेतली. जेसीबी बंद. वडील आधी कुरकुरले, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमची जोर्वे संस्कृती' म्हणून दाखवतात.

दुसरी, आमच्या गव्हात विळ्याचा प्रयोग केला. नदीतून टोपलीभर गोटे आणले. डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे, घरामागे उघड्यावर, मास्तरांनी व्यनितून (खासगी निरोपातून) बजावल्याप्रमाणे. पहिले बारा गोटे नुसते चुरा झाले. बहुतेकांना आतून भेगाच होत्या. पोकळ निघालेल्या दोनांत स्फटिक होते, ते पुतणीने पळवले. खापरखुणांचा तो कणा काही केल्या जमला नाही, ठोका जरा चुकला की गोटा आडवा फुटतो. शेवटी जेमतेम सहा वेड्यावाकड्या कपच्या मिळाल्या. बाभळीच्या वाकड्या फांदीला खाच पाडली आणि त्यात लाख वितळवून त्या ओळीने बसवल्या. सोनाराकडून लाख आणली, तो विचारत होता मंगळसूत्र कुठाय.

कापायला लागलो. लोखंडी विळ्यासारखं झटक्यात ओढलं तर कपच्या हलतात. करवतीसारखं थोडं थोडं ओढलं तर मूठभर गहू चक्क सुटतो. पहिली पेंढी बांधली तेव्हा शेजारच्या वावरातले काका बघायला आले, त्यांनी हातात घेतला, दोन मुठी कापल्या आणि म्हणाले, "कापतंय की!" माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला चालला. लोखंडी विळ्याच्या निम्म्या वेगाने काम होत होतं असं धरा. अकरा वाजेपर्यंत सगळं झकास. मग ऊन चढलं, लाख मऊ झाली आणि एकेक कपची मातीत पडायला लागली. दोन सापडल्या, एक नाहीच. त्या वावरात आता माझी एक कपची आहे. हजार वर्षांनी कोणाच्या अंगठ्याला लागली तर माफी असावी.

खापरखुणा

हरवलेल्या कपचीची जागा लिहून ठेवा! नाहीतर पुढचा कोणी तुम्हाला जोर्वे काळात टाकेल. आणि पुढच्या वेळी लाखेत थोडी राख किंवा बारीक वाळू मळून बघा, उन्हात तग धरेल.

बांधाबांधानं

काकांना लोखंडी विळा का टाकला विचारा. आणि पुढच्या वर्षी गव्हाऐवजी सातू पेरा थोडा, मग खरी मजा.

घोडकाठ

सातूचं बी शोधतोय. कोणाकडे असेल तर व्यनि करा, पावशेरसुद्धा चालेल. आईने मात्र आधीच सांगून ठेवलंय, पेरा, कापा, काय करायचं ते करा, पण पाट्यावर रगडायला मी बसणार नाही.

वरवंटा

आईंना माझा नमस्कार सांगा.